कंसात लिहिलेलं ऑपरेशन

प्रश्न : माझं वय ५४. डाव्या किडनीत खडा अडकून ती हळूहळू निकामी झाली. स्कॅनमध्ये तिचं काम फक्त ७ टक्के दाखवलंय. उजवी चांगली आहे, क्रिएटिनिन नॉर्मल आहे. पण वर्षभरात तीनदा थंडी वाजून ताप आला, दोनदा ॲडमिट व्हावं लागलं, म्हणून किडनी काढायचं ठरलंय. पहिले डॉक्टर म्हणाले, दुर्बिणीतून काढू. दुसऱ्यांनी पोट बघितलं आणि म्हणाले, "तुमचं पोट आधी उघडलेलं आहे, दुर्बीण विसरा." बारा वर्षांपूर्वी आतडं फुटून माझं मोठं ऑपरेशन झालं होतं. बेंबीच्या वर-खाली लांब व्रण आहे. तेव्हा जखमेत पू झाला, टाके उघडले, जखम भरायला अडीच महिने गेले. त्याच्या आधी एक सिझेरियन. पुन्हा 'ओपन' हा शब्द ऐकला की माझे हातपाय गळतात. यजमान म्हणतात, दुर्बिणीवाल्या डॉक्टरांकडेच जाऊ. भाऊ म्हणतो, उगाच प्रयोग नको. कोणाचं ऐकू? (लग्नाआधी याच किडनीतला एक खडा कुशीत छेद देऊन काढला होता, पण त्याला तीस वर्षं झाली, त्याचा आता काही संबंध नसावा.)

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचताना शेवटच्या कंसापाशी मी थांबलो आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. आतड्याचं ऑपरेशन तुम्ही तपशीलवार लिहिलंत, कारण त्याने तुम्हाला छळलं. खड्याचं ऑपरेशन सुरळीत पार पडलं म्हणून ते कंसात गेलं. पण किडनी काढायला निघालेल्या सर्जनला पोटावरच्या लांब व्रणापेक्षा कुशीतला तो जुना व्रण जास्त विचारात पाडतो.

म्हणून आधी माझाच एक प्रश्न. दोन्ही डॉक्टरांना तो व्रण दिसला का? उताणं झोपवून पोट तपासलं, तर बरगडीखालून पाठीकडे गेलेला व्रण सहज नजरेतून सुटतो, आणि तीस वर्षांत तो फिकटही पडलेला असतो. तुम्ही सांगितला नसेल, तर दोघांनीही अर्ध्या माहितीवर मत दिलंय. मग त्या दोनांतलं कुठलं खरं मानायचं, हा वाद घरात घालण्यात काही हशील नाही.

'पोट आधी उघडलेलं आहे' म्हणजे आत नेमकं काय झालेलं असतं, ते सांगतो. आतडी पेरिटोनियम नावाच्या गुळगुळीत, ओलसर अस्तराच्या पिशवीत असतात. त्यामुळे ती एकमेकांवरून आणि पोटाच्या भिंतीवरून सुळकन सरकतात. हे अस्तर कापलं गेलं, खरचटलं किंवा त्याला पू लागला, की काही तासांत तिथे फायब्रिनचा, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचा, चिकट थर जमतो. बहुतेक जागी तो काही दिवसांत विरघळून जातो. जिथे राहतो तिथे त्यात तंतू शिरतात, बारीक रक्तवाहिन्या शिरतात, आणि तात्पुरता डिंक कायमचा पट्टा होऊन बसतो. १९९० साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आधी पोटाचं ऑपरेशन झालेल्या २१० जणांचं पोट पुन्हा उघडलं तेव्हा ९३ टक्के लोकांत काही ना काही चिकटलेलं सापडलं होतं. तुमचं तर आतडं फुटलं होतं, पोटात घाण पसरली होती. तेव्हा आत चिकटलेलं असणारच, हे धरून चालायचं. कुठे चिकटलंय, एवढंच बघायचं उरतं.

सिझेरियनचं विसरा. तो छेद ओटीपोटात, किडनीपासून लांब. मधल्या लांब व्रणाखाली मात्र चरबीचा पडदा आणि कदाचित लहान आतड्याची वेटोळी भिंतीला आतून चिकटलेली असतील. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये याची भीती सर्वांत जास्त असते ती पहिल्या भोकाच्या वेळी. कारण कॅमेरा आत जायच्या आधी काहीतरी आत घालावं लागतं, आणि तेव्हा आतलं काही दिसत नसतं. पोट फुगवायला जी स्प्रिंगची सुई वापरतात ती वेरेस नावाच्या हंगेरियन डॉक्टरांची. १९३०च्या दशकात त्यांनी ती क्षयाच्या रुग्णांच्या छातीत हवा भरायला बनवली होती, पुढे पोटवाल्यांनी ती उचलली. सुई चांगली आहे, पण भिंतीला आतून चिकटलेलं आतडं तिला कळत नाही.

यावर दोन तोडगे आहेत आणि दोन्ही जुने आहेत. एक म्हणजे सुई न वापरता लहानसा छेद घेऊन एकेक थर डोळ्यांनी बघत आत जाणं. ही पद्धत हॅसन नावाच्या डॉक्टरांनी १९७१ साली मांडली. दुसरा म्हणजे जुन्या व्रणापासून लांबची जागा निवडणं. डाव्या बरगडीच्या कडेखाली साधारण तीन सेंटिमीटरवर एक जागा आहे, पामर पॉइंट म्हणतात तिला. जठराचं किंवा प्लीहेचं ऑपरेशन झालेलं नसेल, तर तिथे सहसा काही चिकटलेलं नसतं. तुमची किडनी डावीच आहे. तुम्हाला उजव्या कुशीवर वळवून झोपवतील, मोकळी आतडी वजनाने उजवीकडे ओघळतील, आणि डावी वरची बाजू सर्जनपुढे येईल. म्हणजे ज्या व्रणाकडे बघून दुसरे डॉक्टर दचकले, तो व्रण एकटाच असता तर मी तुम्हाला बिनधास्त 'दुर्बीण' म्हणालो असतो. जगभरच्या अनुभवी सर्जन मंडळींनी आपापले आकडे तपासून हेच सांगितलंय. आधीच्या ऑपरेशनमुळे आतडी सोडवण्यात वेळ जास्त जातो, पण तेवढ्यावरून दुर्बिणीचा रस्ता बंद होत नाही.

दुसरे डॉक्टर चुकीच्या काळात अडकलेत असं मात्र समजू नका. दुर्बिणीतून पहिली किडनी काढली राल्फ क्लेमन यांनी, २५ जून १९९० रोजी, अमेरिकेत सेंट लुईसमध्ये. पेशंट ८५ वर्षांच्या आजी होत्या आणि ऑपरेशनला जवळजवळ सात तास लागले. त्यानंतर बरीच वर्षं 'आधी पोट उघडलंय का?' हा चाळणीचा पहिला प्रश्न असे. हो म्हणालं की दुर्बीण बाद. ज्यांचं शिक्षण त्या काळात झालं त्यांच्या हातात ती सावधगिरी मुरलेली आहे, आणि सावध सर्जन मला बेधडक सर्जनपेक्षा कधीही परवडतो.

आता कुशीकडे येतो.

किडनी मुळात पोटाच्या पिशवीत नसते. ती पिशवीच्या मागे, पाठीच्या स्नायूंना टेकून, चरबीच्या गादीत बसलेली असते. म्हणून तिच्याकडे जायला दोन दारं आहेत. पुढून गेलं तर पोटाच्या पिशवीतून, मोठं आतडं बाजूला सारून जावं लागतं. मागून गेलं तर पिशवीला हात न लावता थेट किडनीच्या खोलीत शिरता येतं. मागचं दार दुर्बिणीसाठी खऱ्या अर्थाने उघडलं ते मुंबईच्या दुर्गा गौर यांनी. १९९२ साली त्यांनी सर्जनचा रबरी हातमोजा कॅथेटरला, म्हणजे बारीक नळीला, बांधून फुगा केला, तो बाराव्या बरगडीखालून आत सरकवून फुगवला, आणि जिथे जागाच नव्हती तिथे काम करण्यापुरती पोकळी तयार केली. त्याच कल्पनेचे तयार फुगे आज जगभर वापरतात. ज्यांच्या पोटात आतड्यांचा गुंता आहे त्यांच्यासाठी हा रस्ता सोन्यासारखा. शिवाय किडनीत पू असेल तर तो आतड्यांत सांडायची भीतीही कमी.

तुमची अडचण इथेच आहे. पुढच्या दारात बारा वर्षांपूर्वीचा पसारा, आणि मागच्या दाराला तीस वर्षांपूर्वीचं कुलूप. तेव्हा खडा काढताना सर्जन याच कुशीतून, याच चरबीतून किडनीपर्यंत गेले होते. ती मऊ गादी आता टणक, पांढरट झालेली असणार. फुगा अशा जागी नीट फुगत नाही, फुगला तरी पेरिटोनियम फाटू शकतो. आणि पुढून गेलं तरी सुटका नाही. किडनी मागे स्नायूला, पुढे मोठ्या आतड्याला, वर प्लीहेला आणि श्वासपटलाला चिकटलेली असू शकते. त्यात वारंवार झालेला जंतुसंसर्ग. खरं सांगायचं तर किडनीभोवतालचा हा आतून झालेला दाह कधीकधी जुन्या टाक्यांपेक्षा जास्त त्रास देतो. कर्करोग नसलेली किडनी काढण्याला आमच्या भाषेत 'सिंपल नेफ्रेक्टमी' म्हणतात. हे नाव ज्याने ठेवलं त्याने पू झालेली, आधी हात लागलेली किडनी काढलेली नसावी.

आता गंमत बघा. दुसऱ्या डॉक्टरांनी 'ओपन' म्हटलं ते पोटाच्या व्रणाकडे बघून, पण किडनीचं ओपन ऑपरेशन बहुधा पोटातून नसतंच. ते कुशीतून, तुमच्या जुन्या व्रणावरूनच करतात. त्यात आतड्यांच्या पिशवीत शिरावंच लागत नाही. म्हणजे त्यांचं उत्तर बरोबर ठरू शकतं, कारण मात्र भलतंच. आणि पहिल्या डॉक्टरांना कुशीतला व्रण माहीत नसेल, तर त्यांनी 'दुर्बीण' म्हटलं ते सोप्या किडनीचं उत्तर आहे.

तुमच्या भीतीबद्दल इथेच बोलून घेतो. तुमची ती जखम चिघळली ती छेद मोठा होता म्हणून नाही. आतडं फुटून पोटात घाण पसरली होती, ऑपरेशन घाईत करावं लागलं होतं. ठरवून, तयारीनिशी, आधी लघवीचं कल्चर, म्हणजे त्यातल्या जंतूंची तपासणी, करून आणि त्याप्रमाणे अँटिबायोटिक देऊन केलेलं कुशीतलं ओपन ऑपरेशन हा वेगळा प्रकार आहे. किडनीत पू साठलेला दिसला तर आधी पाठीतून नळी घालून तो काढून टाकतात, ताप बसू देतात आणि मगच किडनीला हात लावतात. ओपनमध्ये दुखणं जास्त, दवाखान्यातले दिवस जास्त, पूर्ववत कामाला लागायला दीड-दोन महिने. दुर्बिणीत सगळं ठीक झालं तर दोन-चार दिवसांत घरी आणि तीन-चार आठवड्यांत कामाला. कुशीतल्या छेदाने कधीकधी तिथला मज्जातंतू दुखावतो आणि ती बाजू जराशी फुगलेली दिसत राहते, हेही खरं. हा फरक मोठा आहे, नाही म्हणत नाही. पण अडीच महिन्यांची ती जखम परत येईल असं गृहीत धरून तुम्ही निर्णय घेऊ नका.

मग करायचं काय? मी तुम्हाला तपासलेलं नाही, त्यामुळे हुकूम सोडत नाही. पण माझ्यापुढे तुम्ही बसला असतात तर मी आधी सीटी स्कॅन घेऊन खिडकीपाशी गेलो असतो. मोठं आतडं आणि किडनी यांच्यामध्ये चरबीची काळी रेघ शिल्लक आहे का, एवढंच मला बघायचं असतं. ती असेल तर दोन अवयव वेगळे करता येतील. ती पुसली गेली असेल, किडनी आतड्यात आणि प्लीहेत मिसळल्यासारखी दिसत असेल, तर मी सरळ कुशीतून ओपन सुचवलं असतं. रेघ असेल तर पुढून, डावीकडे वरून, दुर्बिणीने सुरुवात. अशा हात लागलेल्या किडन्या नेहमी काढणारा सर्जन असेल तरच, हे मात्र ठासून सांगतो. शंभर सोप्या किडन्या काढलेल्याच्या हातात आणि वीस अवघड काढलेल्याच्या हातात फरक असतो.

एक छोटी तपासणी फार कमी लोक सांगतात. साध्या सोनोग्राफीत प्रोब पोटावर ठेवून तुम्हाला मोठा श्वास घ्यायला लावायचा. खालची आतडी श्वासाबरोबर साधारण एक सेंटिमीटर तरी सरकायला हवीत. सरकली तर त्या जागी भिंतीला काही चिकटलेलं नाही आणि पहिलं भोक तिथे घेता येतं. जागची हलली नाहीत तर तिथून जायचं नाही. सोनोग्राफी करणाऱ्यांना आधी सांगून ठेवलं तर पाच-दहा मिनिटांचं काम आहे.

तुमच्या बाजूने एक गोष्ट आहे. हा कर्करोग नाही. त्यामुळे किडनी भोवतालच्या चरबीसकट, अखंड, नियमाप्रमाणे काढायची सक्ती नाही. बाहेरून सुटतच नसेल तर सर्जन किडनीचं कवच उघडतो, आतला गर सोलून काढतो आणि आतड्याला चिकटलेलं कवच तिथेच सोडतो. सुंदर दिसत नाही ते, पण आतडं वाचतं.

आणि दुर्बिणीने सुरू केलेलं ऑपरेशन अर्ध्यात ओपन करावं लागलं तर? करावं. मी तरुण असताना अशाच एका किडनीशी दुर्बिणीतून तासन्‌तास झुंजत बसलो होतो. पुढे सरकत नव्हतो आणि माघारही घेत नव्हतो. शेवटी डोक्याशी बसलेल्या भूलतज्ज्ञ बाईंनी शांतपणे विचारलं, "हे पेशंटसाठी चाललंय की तुमच्यासाठी?" त्यानंतर ओपन केलं, किडनी निघाली, पण रक्त जायला नको तेवढं गेलं होतं. तो दोष सर्वस्वी माझा. तेव्हापासून माझा नियम ठरला. अर्ध्या तासात हात पुढे सरकला नाही तर दुर्बीण बाहेर. म्हणून तुम्हाला सांगतो, 'तुम्ही नक्की दुर्बिणीनेच कराल ना?' असं सर्जनला विचारू नका. त्याला तुम्ही नकळत हट्टाला पेटवाल. त्याऐवजी विचारा, कोणत्या परिस्थितीत तुम्ही थांबून ओपन कराल? याचं उत्तर ज्याच्याकडे तयार असेल, तो बरा. आतड्याला इजा झालीच तर ते शिवायला पोटाचे सर्जन हाताशी असतील का, रक्ताची सोय केलेली असेल का, हेही विचारून घ्या. संमतीपत्रावर 'दुर्बिणीने, गरज पडल्यास ओपन' असं लिहिलेलं असणार. ती ओळ वाचून मगच सही करा, आणि भूल उतरल्यावर कुशीत लांब टाके दिसले तर काहीतरी बिनसलं असं धरून रडू नका.

भेटीला जाताना जुनी कागदपत्रं घेऊन जा. आतड्याच्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड, त्यात ऑपरेशनची टिपणं असतील तर उत्तमच. कुठलं आतडं फुटलं होतं, काही कापून जोडलं होतं का, भिंतीत जाळी बसवली होती का, हे सर्जनला कळायला हवं. खड्याच्या ऑपरेशनचा कागद तीस वर्षांनी मिळणं कठीण. नसेल तर तेव्हा बरगडीचा तुकडा काढला होता का, नंतर लघवी जखमेतून गळत राहिली होती का, एवढं तुमच्या घरातल्या कुणा वडीलधाऱ्यांना आठवतंय का बघा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारून थांबवा.

घरी आल्यावरचं एक लक्षात ठेवा, यजमानांनाही सांगून ठेवा. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये आतड्याला झालेली बारीक इजा, विशेषतः चटका बसून झालेली, त्याच वेळी दिसेलच असं नाही. ती काही दिवसांनी बोलते, आणि हळू आवाजात बोलते. कडक पोट, सणसणीत ताप अशी नेहमीची लक्षणं असतीलच असं नाही. बाकी भोकं बरी होत असताना एकाच भोकापाशी दुखणं वाढत जाणं, पोट फुगणं, जुलाब, उगाच गळून जाणं, यातलं काही दिसलं तर 'गॅस झाला असेल' म्हणून रात्र काढू नका. तडक दवाखाना गाठा. खांद्यात दुखलं तर मात्र घाबरू नका. पोट फुगवायला भरलेल्या कार्बन डायऑक्साइडने श्वासपटल चुरचुरतं आणि ते खांद्यात जाणवतं, एक-दोन दिवसांत जातं.

एका किडनीवर माणूस नीट जगतो. तुमची उजवी तर आत्ताही जवळजवळ सगळं काम एकटीच करते आहे, त्यामुळे डावी गेल्याने तिच्यावर अचानक भार येणार नाही. वर्षातून एकदा क्रिएटिनिन, लघवीतलं प्रोटीन आणि रक्तदाब बघत राहा, आणि वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नका.

यजमान आणि भाऊ दोघांनाही पुढच्या भेटीला सोबत घेऊन जा. दोघंही तुमच्या काळजीनेच बोलताहेत, आणि दोघांनीही सीटीची फिल्म पाहिलेली नाही. पहिल्या डॉक्टरांकडेच परत जा, व्रण दाखवा आणि मत बदलतं का ते बघा. बदललं तर माणूस प्रामाणिक आहे. नाही बदललं आणि कारण पटण्यासारखं दिलं, तरीही.

एक गोष्ट पत्रात नाही. टाके उघडून भरलेल्या जखमेच्या जागी पोटाची भिंत पुष्कळदा कमजोर राहते. जाण्याआधी एकदा आरशासमोर उभ्या राहून जोरात खोका. लांब व्रणापाशी कुठे फुगवटा वर आला, तर तो हर्निया असू शकतो आणि त्यात आतडं असू शकतं. तो नेमका कुठे येतो ते बोट ठेवून डॉक्टरांना दाखवा.